भाकरी मैया थापत नाही

कार्तिकी एकादशी झाली की ओंकारेश्वरला नर्मदा परिक्रमा उचलणाऱ्यांची झुंबड उडते आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फोटो यायला लागतात. पांढरे कपडे, हातात दंड, कमंडलू, पाठीवर सॅक. खालचा मजकूर जवळपास ठरलेला. दिवसभर पोटात काही नव्हतं, अंधार पडत आला होता, आता काय करायचं असा विचार करत होतो आणि मैयाने जेवायला घातलं. मैयाने चहा पाजला, मैयाने घोंगडी दिली, मैयाने रस्ता दाखवला. त्याखाली पन्नास जणांचे हात जोडलेले इमोजी.

मला भांडायचंय ते ह्या मजकुराशी. श्रद्धेशी नाही, ती ज्याची त्याची, आणि नर्मदेकाठी थोडंफार चाललेला माणूस त्या नदीला नुसतं पाणी म्हणूच शकत नाही हे मलाही मान्य आहे. पण भाकरी मैया थापत नाही. ती कोणीतरी बाई थापते, तिच्या घरच्या पिठाची, तिने डोक्यावरून आणलेल्या सरपणावर, दिवसभर शेतात राबून आल्यावर. आणि ती बाई आपल्या पोस्टींमधून, मुलाखतींमधून, परिक्रमेच्या पुस्तकांमधून जी गायब होते ना, त्यात आपली फार मोठी सोय आहे. मैयाने दिलं म्हटलं की विषय संपला, मैयाला कोण काय परत देणार. बाईने दिलं म्हटलं की मग प्रश्न सुरू होतात, तिच्याकडे होतं का तेवढं, तिने नंतर काय खाल्लं, उद्या परत दहाजण येणार त्यांचं काय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि १३१२ किलोमीटर वाहून भरूचच्या पुढे खंभातच्या आखाताला मिळते. नदी उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही आणि दोन्ही काठ पायी चालायचे, ही परिक्रमा. जुना हिशोब ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवसांचा, त्यात चातुर्मास आला की एका जागी बसायचं. आता नोकरीधंद्यातली, रिटायर झालेली माणसं चार ते सहा महिन्यांत आटपतात. धरणांच्या पाण्याला वळसे घालत घालत अंतर तीन हजार किलोमीटरच्या आसपास जातं. आणि ह्या सगळ्या वाटेवर नियम असा की पैसे बाळगायचे नाहीत, साठवण करायची नाही, काठावरचे लोक देतील ते खायचं. म्हणजे हे चालणं टिकून आहे तेच मुळी अनोळखी माणसांच्या जिवावर.

आणि ते लोक देतात हो. गावात शिरलं की चहाच्या टपरीवरचा माणूस, ओट्यावर बसलेला म्हातारा, कोणीही नर्मदे हर म्हणतो आणि पुढचा प्रश्न, कितनी मूर्ती? म्हणजे तुम्ही किती डोकी आहात. नाव नाही, जात नाही, कुठून आलात ते नंतर. आधी आकडा, कारण आत पीठ किती मळायचं ते त्यावर ठरतं. कुठे आश्रमात तयार भोजनप्रसादी असते, कुठे सदाव्रत मिळतं म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ, मीठ, मिरची घ्या आणि तुमचं तुम्ही शिजवा. सकाळी निघताना बालभोग, बहुतेक वेळा पोहे, माळवा-निमाडात तर पोहेच. हे सगळं रोज, शेकडो गावांत, कुठल्याही सरकारी योजनेशिवाय. एवढं मोठं काम आपल्या देशात दुसरीकडे कुठे असं चालू असेल तर मला माहीत नाही.

आता सगळा काठ गरीब आहे असंही नाही. निमाडात केळी आहे, कापूस आहे, गहू आहे, दारात ट्रॅक्टर आहे. तिथल्या मोठ्या आश्रमांना इंदूर, सुरत, पुण्याहून तुपाचे डबे येतात, गावकरी सुगीला पोत्याने धान्य टाकतात. तिथे तुमच्या माझ्या दोन टिक्कडांनी काही फरक पडत नाही, उलट आग्रह करकरून वाढतात आणि तुम्ही नाही म्हटलात तर रुसतात. तिथे बिनधास्त जेवावं. अडचण आहे ती बडवानी सोडल्यावर.

बडवानीपासून पुढे दक्षिण काठाने शूलपाणीची झाडी लागते. भादल, बिलगाव, धडगाव, मोलगी करत पार गुजरातेत माथासर, गोऱ्यापर्यंत. ह्यातला मधला मोठा पट्टा आपल्या नंदुरबार जिल्ह्यातला, अक्राणी आणि अक्कलकुवा हे दोन तालुके, सातपुड्याच्या उभ्या धारा, भिल्ल आणि पावरा लोकांचे पाडे. नीती आयोगाचा २०२१ चा गरिबीचा अहवाल आहे ना, त्यात महाराष्ट्रात सगळ्यात वर नंदुरबार, निम्म्याहून जास्त लोक गरीब. कुपोषणाच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात ज्या वाचतो आणि पान उलटतो त्या इथल्याच. आणि इथे वाटेवर मोठे आश्रम थोडे, म्हणून बऱ्याचदा मुक्काम पडतो तो कुणाच्या तरी घरी, पडवीत नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात.

ह्या झाडीबद्दल जुन्या परिक्रमावासींच्या तोंडी एकच गोष्ट असायची, की इथे मामा लोक, म्हणजे इथले भिल्ल, लुटतात. सगळं काढून घेतात, लंगोटीवर सोडतात. ते होत होतं, खोटं नाही. पण ती गोष्ट नेहमी लुटल्या गेलेल्याने सांगितलेली आहे. ज्याच्या घरात खायला नाही त्याच्या दारावरून दरवर्षी कोणीतरी शिधा, पांघरुणं, भांडी घेऊन मोक्षाला चाललंय, त्याने काय करायचं होतं हे कुणी लिहिलं नाही. आता लुटणं जवळजवळ थांबलंय आणि त्याच पाड्यांवर आपल्याला हाताला धरून जेवायला बसवतात. म्हणजे आधी आपण लुटलो गेलो म्हणून अनुभव लिहिला आणि आता जेवलो म्हणून लिहितो, त्यांच्या घरात काय चाललंय ते दोन्ही वेळा राहिलंच.

धडगावच्या पलीकडच्या एका पाड्यावरची रात्र सांगतो. कुडाचं घर, वर कौलं, आत एकच सोलरचा दिवा. आम्ही सातजण, त्यातले अर्धे वाटेत भेटलेले. घरात सासू, सून, तीन पोरं. नवरा गुजरातला ऊसतोडीला गेलेला. सुनेने आमच्याकडे एकदा बघितलं, पिठाच्या डब्यात बघितलं, आणि काही न बोलता ताट घेऊन खालच्या घरी गेली. परत आली तेव्हा ताटात मक्याचं पीठ होतं. मग चुलीपुढे बसली ती तासभर हललीच नाही, एक भाकर तव्यावर, एक निखाऱ्याला टेकवलेली, धाकटं पोर पाठीला चिकटलेलं. तुरीच्या डाळीत तिने मधेच उठून तांब्याभर पाणी ओतलं आणि वरून तिखट टाकलं. आमच्यातल्या एका काकांनी अगदी गोड आवाजात विचारलं, तिखट जरा कमी करता येईल का हो? सासूला मराठी फारशी कळत नव्हती हे बरंच झालं. आम्ही उठल्यावर सासू, सून आणि पोरं जेवायला बसली, आणि डाळीच्या भांड्यात काय उरलं होतं ते मला जागेवरून दिसत होतं. सकाळी कोरा चहा झाला, मी पैसे काढले, सासूने हात मागे घेतला, माझा पण हात तिथेच राहिला. मग काकांनी पोरांना चॉकलेटं वाटली.

चॉकलेटांचं तर वेगळंच प्रकरण आहे. आता त्या पट्ट्यात परिक्रमावासी दिसला की पोरं धावत येतात, नर्मदे हर ओरडतात आणि हात पुढे करतात. आपणच लावलेली सवय. जेवलेल्या भाकरीच्या बदल्यात आपल्याला सुचलेली परतफेड म्हणजे रॅपरमधली गोळी, आणि ती रॅपरं मग अख्ख्या पायवाटेवर.

तो नवरा ऊसतोडीला गेला होता हे मी मुद्दाम सांगितलं. दिवाळी झाली की ह्या डोंगरातली तरणी माणसं गुजरातेत जातात, ऊसतोडीला, शेतमजुरीला, बांधकामावर, आणि परततात ती होळीला, काठी गावच्या होळीपर्यंत. बरोबर त्याच महिन्यांत आपला परिक्रमेचा सीझन. म्हणजे आपण पोचतो तेव्हा कमावते हात घराबाहेर असतात, मागे म्हातारी माणसं, एखादी सून, पोरं आणि खरिपाचं जे काही धान्य डब्यात उतरलंय ते. ते धान्य त्यांना पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायचं असतं. त्यात पुन्हा बहुतेक लोक एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून निघतात. कार्तिकीनंतर ओंकारेश्वर, तिथून दक्षिण काठाने पश्चिमेला. चाल साधारण सारखीच, त्यामुळे आख्खा लोंढा मार्गशीर्षात एकदमच झाडीत शिरतो. एका घराला वर्षभरात शंभर मूर्ती जेवल्या तर ते एक वेळ निभावेल, पण त्यातल्या साठ पंधरा दिवसांत आल्या की डबा खडखडणारच.

इथे लगेच कोणीतरी म्हणतं, अहो पण त्यांना त्यात आनंद आहे, त्यांना पुण्य मिळतं, तुम्ही कशाला हिशोब घालताय. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. त्या सासूने हात मागे घेतला त्यात मान होता, आणि तो मान कुणी आम्हाला दिलेला नव्हता, तिने स्वतःचा स्वतः राखला होता. वर्षभर ज्यांच्याकडे तलाठ्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे मागणारा म्हणून बघतात, ते चार महिने देणारे असतात. शहरातला बँक मॅनेजर त्यांच्या पडवीत खाली मांडी घालून बसतो आणि ते त्याला वाढतात. ही गोष्ट लहान नाही. म्हणून ताटामागे शंभर रुपये घ्या, होमस्टेचा बोर्ड लावा, क्यूआर कोड चिकटवा, असं जे काही हुशार लोक सुचवतात ते मला अजिबात पटत नाही. एकदा दर ठरला की पहिला बाहेर पडेल तो ज्याच्याकडे खरंच पैसे नाहीत तो साधू, मराठवाड्यातली ती एकटी विधवा म्हातारी जी आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर पडलीये. परिक्रमा फुकट राहिली पाहिजे ती त्यांच्यासाठी. आपल्यासाठी नाही, आपल्याला परवडतं.

पण देणाऱ्याचा मान राखायचा म्हणजे घेणाऱ्याने वाट्टेल तसं यायचं असं कुठे आहे? आनंदाने देणाऱ्याच्याही डब्याला तळ असतो. आणि त्याला आनंद होतो हे ठरवणारे नेहमी जेवून उठलेले असतात, ही पण एक गंमतच.

अमेरिकेत पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल म्हणून वाट आहे, मेक्सिकोच्या हद्दीपासून कॅनडाच्या हद्दीपर्यंत ४२०० किलोमीटरच्या वर. तिथेही वाटसरूंना ओळखदेख नसताना पाणी देणारे, गाडीतून गावात सोडणारे, स्वतःच्या अंगणात तंबू टाकू देणारे लोक आहेत, ट्रेल एंजल म्हणतात त्यांना. पण तिथे मेक्सिकोच्या टोकाकडून लांबचा पल्ला सुरू करायला दिवसाला ५० जणांनाच परवाना मिळतो. पूर्वेकडच्या ॲपलाचियन ट्रेलवर असा कोटा नाही, तरी ती वाट सांभाळणारी संस्था कळकळीने सांगते की सगळ्यांनी मार्च-एप्रिलमधे जॉर्जियातूनच निघू नका, तारीख नोंदवा, जमलं तर मधून कुठून तरी सुरुवात करा. वाटेचं, झऱ्यांचं, मुक्कामाच्या जागांचं हाल होऊ नये म्हणून. म्हणजे तिकडे वाटेवर माणसं किती झेपतील ह्याचा विचार होतो, आणि आपल्याकडे जिथे वाटेवर राहणारी माणसंच आपल्याला जेवू घालतात तिथे तो होत नाही.

परवाना मला नको आहे. परवाना आला की फॉर्म आला, फॉर्म आला की एजंट आला, आणि पिढ्यानपिढ्या चालणारा साधू आधार कार्ड शोधत बसणार. पण स्वतःहून तर काही करता येईल. परिक्रमा ओंकारेश्वरहूनच उचलली पाहिजे असं काही नाही. अमरकंटक आहे, नेमावर आहे, उत्तर काठावरून भरूच आहे, टेंबेस्वामींची समाधी आहे ते गरुडेश्वर आहे. कार्तिकीच्या दुसऱ्या दिवशीच निघायला हवं असंही नाही. पुण्या-नाशिकहून तीस-चाळीस जणांचे जे ग्रुप एकत्र निघतात त्यांनी झाडीत शिरायच्या आधी तुकड्या करायला काय हरकत आहे? तीनचारजण आले तर घर आवरतं, वीसजण आले की गावाला बैठक घ्यावी लागते. आणि गाडीने पंधरा-वीस दिवसांत परिक्रमा करणारे, ज्यांनी टूरवाल्याला चांगले पैसे मोजलेले असतात, त्यांनी पायी चालणाऱ्यांच्या पंगतीत बसून वर भात संपला का म्हणून विचारू नये. हे लिहायला लागावं हेच अवघड वाटतं, पण मी ऐकलंय हे कानाने.

यूट्यूबवाल्यांनाही एक विनंती. अमक्या गावात अमक्याच्या घरी फार छान व्यवस्था होते, हा त्यांचा नंबर, असं सांगून तुम्ही त्या घराचं भलं करत नाही. पुढच्या वर्षी त्या दारात रांग लागते, फोन यायला लागतात की दादा आम्ही अकराजण येतोय, कांदा-लसूण नको, गरम पाणी होईल ना.

चमत्कारांच्या गोष्टींकडे वळतो, कारण मुळात तिथूनच हे सगळं येतं. झाडीत वाट चुकली, एक उंचापुरा म्हातारा भेटला, कपाळाला फडकं बांधलेलं, त्याने वाट दाखवली, वळून बघतो तर नाही. तो अश्वत्थामा. दुपारी तहानेने जीव चाललेला, एक छोटी मुलगी दुधाचा तांब्या घेऊन आली, परत बघतो तर नाही. ती साक्षात मैया. अशा डझनावारी गोष्टी मी ऐकल्यात आणि सांगणारे खोटं बोलतात असं मला वाटत नाही, भुकेल्या थकलेल्या माणसाला तसं वाटू शकतं. पण ती मुलगी गायब नाही हो झाली, घरी गेली, गुरं बांधायची होती तिला. ते दूध तिच्या धाकट्या भावाचं असू शकतं. ती मैया ठरली की ती शाळेत जाते का हे विचारायची गरजच उरत नाही.

आणि विचारण्यासारखं पुष्कळ आहे. आपण पुण्यासाठी ज्या पायवाटेने चढतो त्याच पायवाटेने पावसाळ्यात बाळंतिणीला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून दवाखान्यापर्यंत उतरवतात, बातम्यांत त्याला बांबुलन्स म्हणतात. धरणाच्या पाण्यामुळे जे पाडे तुटलेत तिथे बोटीतला तरंगता दवाखाना फिरतो. सरदार सरोवराची उंची १३८.६८ मीटरपर्यंत गेली, २०१७ मधे लोकार्पण झालं, २०१९ मधे ते पहिल्यांदा काठोकाठ भरलं. त्याच्या कितीतरी आधी मणिबेलीपासून सुरुवात करून गावंच्या गावं पाण्यात गेली होती, शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ सुद्धा. आपण त्या फुगवट्याच्या कडेला उभे राहून मैयाचं विशाल रूप म्हणून पॅनोरमा काढतो आणि ज्याची जमीन खाली आहे तो शेजारी उभा राहून आपल्याला विचारतो, बाबाजी, चाय प्रसादी पाओगे? परिक्रमा करून आलेल्या मराठी माणसांची संख्या आता काही कमी नाही. त्यातले निवृत्त अधिकारी किती, डॉक्टर किती, वकील किती. ह्यांनी ठरवलं तर धडगावच्या दवाखान्यातली रिकामी पदं, अडलेले रस्ते, पुनर्वसनाचे लोंबकळलेले दावे ह्यावर मुंबईत आवाज करता येईल. अनुभवकथनाचे कार्यक्रम मात्र हाउसफुल असतात.

कोणीच काही करत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. नाशिकच्या भारती ठाकूर २००५-०६ मधे परिक्रमा करून आल्या आणि पुढे पुन्हा निमाडात जाऊन राहिल्या, खरगोन जिल्ह्यात लेपा इथे नर्मदालय उभं राहिलं, तिथे काठावरची मुलं शिकतात. आपल्या बाजूला चिमलखेडी, मणिबेली भागात नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहेत, लोकांच्या धान्यावर आणि देणग्यांवर. आंदोलनाचं राजकारण कुणाला पटेल न पटेल, पण ज्या पाड्यावर आपण जेवलो तिथलं पोर तिथे अक्षर गिरवतंय एवढं तरी बघावं. सगळ्यांनी जाऊन शाळा काढायची गरज नाहीच. चार-सहा महिने घरी राहिलो असतो तर जेवणाखाणावर जेवढा खर्च झाला असता तेवढा बाजूला काढा आणि अशा ठिकाणी द्या. आश्रमाच्या नव्या फरशीला द्यायलाही माझी हरकत नाही, पण फरशीला देणारे पुष्कळ आहेत.

आणि झाडीपुरतं बोलायचं तर बडवानीच्या बाजारात माणशी दोन किलो पीठ, अर्धा किलो डाळ आणि थोडं मीठ-तेल घ्यावं, मुक्कामाच्या घरी गेल्या गेल्या ते चुलीपाशी ठेवावं, हातात पैसे कोंबायचा तमाशा करू नये. शिधा आहे, सगळ्यांचं मिळून शिजवू, म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही, कारण मग ती भीकही नसते आणि बिलही नसतं. शक्यतो भांडी आपण घासावीत, बायकांना उठू देऊ नये, पुरुषांना पण येतात भांडी घासता. हे सुचवलं की मला हटकून ऐकायला मिळतं, परिक्रमेत संग्रह करायचा नसतो, तो नियम आहे. बरं. पण पॉवर बँक, स्लीपिंग बॅग, ड्रायफ्रूटचे डबे, दोन महिन्यांच्या बीपीच्या गोळ्या आणि सेल्फी स्टिक सॅकमधे भरताना तो नियम कुणाला आठवत नाही, दोन किलो पीठ म्हटलं की बरोबर आठवतो.